अडचणीच्या दिवसांतलं गवत

सावेडीत अजून काही प्लॉट मोकळे आहेत. मालक पुण्यात किंवा त्याहून लांब, कुंपणाच्या तारा गंजलेल्या आणि आत पावसाळाभर माजलेलं गवत. भाद्रपद लागला की मी अशा प्लॉटपाशी स्कूटर थांबवते. खाली उतरते, तारेतून हात घालते आणि एखादी काडी अंगठा नि बोटाच्या मधे धरून खालून वर चाचपत जाते. शेवटच्या पानाच्या बगलेत काडी जराशी फुगलेली लागते. आत तुरा तयार झालेला असतो, पण अजून बाहेर आलेला नसतो. ज्वारी-बाजरी अशी फुगली की पीक पोटरीत आलं म्हणतात. गवतालाही पोटरी येते, फक्त तिच्याकडे कुणी कौतुकानं बघत नाही.

परवा समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलं का म्हणून. मी किल्ली पडली होती म्हणाले. किल्ली स्कूटरलाच होती आणि ती त्यांना वरून दिसतही असणार. पन्नाशीला टेकलेली बाई भर रस्त्यात उभी राहून गवताची पोटं चाचपते, हे मला त्यांना सांगवेना. माझी लाज अशीच आहे. कुठेही आणि कशावरूनही उगवते.

माझं काम म्हणजे गवताला बाटलीत गर्भ धरवणं. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी शेतीखात्यासारखं काहीतरी, असं म्हणून सुटका करून घेते. पुढचं सांगायला लागलं की ऐकणाऱ्याच्या हातातली जिलबी हातातच राहते. बी नको, वारा नको, पराग नको. पोटरीतला कोवळा तुरा, ज्यानं अजून उजेडही पाहिलेला नाही, तो सोलून काढायचा, त्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे करायचे आणि साखर नि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचे. त्या जेलीत एक औषध पडतं, अगदी लेशभर. हेच औषध शेतकरी उसातलं तण मारायला पंपानं फवारतो. जास्त दिलं तर ते जीव घेतं, आणि लेशभर दिलं तर फुलातल्या पेशींना आपण फूल आहोत याचाच विसर पडतो. मग त्या अंधारात पडून राहतात, सुजतात, त्यांचा गोळा होतो, आणि नशीब असेल तर त्या गोळ्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे, घट्ट दाणे धरतात. तो प्रत्येक दाणा म्हणजे एक गर्भ. पुस्तकात त्याला भ्रूण म्हणतात. आमचे रफिकभाई त्यांना पिल्लं म्हणतात.

रफिकभाई आमच्याकडे कुकर सांभाळतात. कुकर म्हणजे बाटल्या, चिमटे, ब्लेड सगळं वाफेत शिजवून निर्जंतुक करायचं मोठं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते फक्त खरेदीच्या कागदांवर असतं. त्याची वाफ सुटली की अख्ख्या लॅबला ओल्या कापसाचा वास येतो. आमच्या लॅबला भीती असते ती फक्त बुरशीची. जी जेली गवताला आवडते ती बुरशीला त्याहून आवडते. हातावरचा, केसांतला, श्वासातला एखादा कण आत गेला की काही दिवसांत बाटलीत पिंजलेला कापूस दिसायला लागतो, मग तो हिरवा नाहीतर काळा पडतो, आणि ती बाटली फेकून द्यावी लागते. अशी बाटली सापडली की सापडणारी म्हणायची, बाटली बाटली. पहिली बाटली काचेची आणि दुसरी विटाळाची. नव्या मुलीला हा विनोद समजावून सांगावा लागे, आणि समजावून झाल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरत नसे.

पण तो नुसता विनोद नव्हता. आमच्याकडे घरोघरी पाळीच्या दिवसांत मुलीनं लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नसतो, बुरशी येते म्हणून. आणि आमची लॅब म्हणजे शेकडो बरण्यांची खोली. मुलींनी हा नियम स्वयंपाकघरातून आपापल्या डोक्यात घालूनच आणला होता, लॅबमध्ये तो कुणाला शिकवावा लागला नाही. पाळी आली की ती मुलगी आतल्या खोलीत पाऊल टाकत नसे. दाराबाहेर एक लाकडी बाकडं होतं, त्यावर बसून ती कापसाची बुचं वळायची नाहीतर बाटल्या पुसायची. मागे पाण्यात उभ्या राहून बाटल्या धुणाऱ्या बायकाही त्या दिवसांत तिथेच येऊन टेकायच्या. एम.एस्सी. झालेल्या, पेशीविभाजन तोंडपाठ असलेल्या आम्ही पोरी, त्या दिवसांत घरीही बाहेर बसायचो आणि लॅबमध्येही. कुणी विचारलं तर सांगायचं, अडचण आहे.

अडचण हा शब्द मला अलीकडे फार छळतो. कावळा शिवला म्हणण्यात निदान एक कावळा तरी होता. शिकल्यासवरल्यावर आम्ही कावळा उडवून लावला आणि त्या जागी अडचण आणून बसवली. गाडी पंक्चर झाली तरी अडचण, पाहुणे आले तरी अडचण, आणि देहानं आपलं नेहमीचं काम केलं तरी अडचणच. हा शब्द उच्चारला की समोरच्या बाईला कळतं, समोरच्या पुरुषाला कळून न कळल्यासारखं करता येतं, आणि आपल्याला काही बोललो नाही असं समाधान मिळतं. फक्त समोरच्याला तो शब्द खरोखरच कळला नाही तर काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या सरांना तो कळत नसे. सर म्हणजे तेव्हाचे लॅबचे प्रमुख. लग्न न केलेला, अतिशय सज्जन माणूस. गवताच्या जाती त्यांना नुसत्या वासावरून ओळखता येत, आणि समोरच्या माणसाचा चेहरा मात्र त्यांना अजिबात वाचता येत नसे.

मी पंचविशीत असतानाच्या एका वर्षीचा भाद्रपद माझ्या तिथल्या कामाचा शेवटचा ठरेल अशी सगळी चिन्हं होती. आधीचे दोन हंगाम वाया गेले होते. तुऱ्याच्या तुकड्यांचे गोळे व्हायचे, पण ते पिवळट, पाणचट, नासलेल्या दुधासारखे. त्यातून गर्भ धरत नसे. सरांनी सांगून ठेवलं होतं की याही हंगामात काही दिसलं नाही तर हे काम बंद होईल. घरी वडिलांनी त्याला जोडून आणखी एक गोष्ट ठरवली होती, लॅबचं काम बंद झालं की स्थळं बघायची. ते रागानं म्हणाले नव्हते, उलट फार समजूतदारपणानं म्हणाले होते, म्हणून वाद घालायलाही जागा नव्हती. मी मुकाट्यानं गवताच्या पोटरीत यायची वाट बघत होते.

गवत मारवेल जातीचं होतं, घोडेगावजवळ माझ्या मामाच्या बांधावरचं. इतर गवत तुरा आल्यावर राठ होतं, जनावर हुंगून तोंड फिरवतं. मामाच्या बांधावरच्या त्या एका बेटाचं गवत तुरा आला तरी मऊ राहायचं. मामाची म्हैस बाजारात उभी राहिली की लोक तिच्या कातडीवरून हात फिरवून विचारायचे, हिला घालता काय. पण त्या गवताला बी धरत नसे, सगळे तुरे पोकळ. आणि आता रस्ता रुंद होणार होता, त्यात तो बांध जाणार होता. त्याचे ठोंब उपटून आम्ही लॅबमागच्या कुंड्यांत लावले होते, पण उपटलेलं गवत रुसतं, त्या वर्षी ते फुलायचं नाव घेत नाही. फुलोरा हवा तर तो बांधावरचाच हवा होता, आणि पोटरी दोन-चार दिवसांत निसवून गेली, म्हणजे तुरा बाहेर पडला, की तिचा आम्हाला काही उपयोग नसतो.

मामा आला तो दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. ओल्या गोणपाटात पोटऱ्या गुंडाळून तो एसटीनं आला होता. त्याच्या सदऱ्याची एक बाजू ओलीचिंब झालेली, म्हणजे गोणपाट त्यानं मांडीवर घेऊन आणलेलं. मी चहा विचारला तर नको म्हणाला, त्याच्याही घरी महालक्ष्म्या होत्या.

"लई दिस न्हाई ऱ्हात आता ह्यो बांद," मामा म्हणाला. "मशीन येऊन हुबं हाय. ह्ये नीट जप, परत मागू नको."

आणि नेमकी त्याच पहाटे माझी पाळी आली होती. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या, आतल्या खोलीत सोळा भाज्यांचा घमघमाट. आईनं माझ्याकडे बघितलं आणि घरात शिवाशिव नको, तू आपली लॅबला जा, म्हणाली. तिचंही बरोबर होतं, त्या घरात मला टेकायलाच जागा नव्हती. म्हणून मी लॅबच्या बाकड्यावर बसायला आले होते. आत बसून तुरे कापायचं काम करणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि कुंदाताई. कुंदाताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या, हात स्थिर, जीभ तिखट, आणि बाकड्याचा नेम कुणी मोडत नाही ना यावर नजर. त्या महालक्ष्म्यांसाठी रजेवर होत्या. आदल्या दिवसापासूनच मला चाहूल लागली होती, म्हणून त्यांचा जेवणाला ये असा फोन आला तेव्हा मी अडचण आहे असं सांगितलं होतं. त्या बरं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सर गोणपाट उघडून पोटऱ्या बघत होते. वाकून त्यांनी एक काडी चाचपली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. कुंदाताई नाहीत, तुम्ही लगेच आत बसा, ते म्हणाले. मी बाकड्यावरून उठले आणि म्हटलं, "सर, आज अडचण आहे."

"काय अडचण आहे?" सरांनी विचारलं.

त्यांनी अगदी खरं विचारलं होतं. शेजारी रफिकभाई निर्जंतुक बाटल्यांचा ट्रे घेऊन उभे होते. मी खाली बघितलं. आमच्या लॅबच्या फरशीला दारापाशी एक तडा आहे, पुढे जाऊन त्याला दोन फाटे फुटतात. तो तडा मला त्या दिवसापासून पाठ आहे. सर एकेक अडचण सोडवायला लागले. आतली हवा गाळणारं यंत्र बिघडलं आहे का, स्पिरिट संपलं आहे का, ब्लेड नाहीत का, डोळ्यांना काही झालं आहे का. प्रत्येक वेळी मी नाही म्हणत होते आणि माझे कान तापत चालले होते. रफिकभाईंनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला, कुकर लावून येतो म्हणाले आणि बाहेर गेले. कुकर मागे आधीच लागलेला होता, त्याची शिट्टी आम्हाला ऐकू येत होती. म्हणजे रफिकभाईंना कळलं होतं. त्या क्षणी मला फरशीच्या त्या तड्यात शिरून जावंसं वाटलं.

"काही नाही सर," मी म्हणाले. "बसते मी."

मी नियम मोडला तो असा. पुढे कधी कधी मी स्वतःला ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगायचा प्रयत्न केला, पण ती तशी नाही. आत जायची लाज होतीच. सरांना कारण सांगायची लाज तिच्याहून मोठी निघाली, आणि तिनं मला दारातून आत ढकललं.

आत गेले. हात कोपरापर्यंत घासून घासून लाल केले. स्पिरिटचा दिवा पेटवला, चिमटा लाल होईपर्यंत तापवला, गार केला. गवताच्या काडीवरचा एकेक पापुद्रा काढत गेले. बाहेरचा हिरवा, त्याच्या आतला पोपटी, त्याच्या आतला जवळजवळ पांढरा, आणि सगळ्यांत आत तो तुरा, नखाएवढा, ओलसर, चकाकता. त्याला अजून कुणाचा हात लागलेला नव्हता आणि पहिला हात माझा लागत होता. माझं पोट दुखत होतं आणि मी गवताची पोटं उघडत होते. मधेच मला जाणवलं की मी श्वास रोखून धरला आहे. श्वासातून बुरशी जाईल म्हणून नाही. माझ्या श्वासातच आज काहीतरी वाईट असेल असं मला खरोखर वाटत होतं. सूक्ष्मजीवशास्त्राला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला असं वाटत होतं, आणि त्या वाटण्याचीसुद्धा मला लाज वाटत होती. बाहेर पडले तेव्हा पोटऱ्या संपल्या होत्या आणि एप्रन पाठीला चिकटला होता.

मग सुरू झालं वाट बघणं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यात मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन एकेक बाटली उचलून बघायची. पितृपंधरवडा लागला, घराघरांत वडे तळल्याचे वास येऊ लागले, आणि एका सकाळी एका बाटलीच्या कडेला पांढरा कापूस दिसला. नेहमीच काही बाटल्या जातात. सगळ्या नियमांनिशी कुंदाताईंनी भरलेल्याही जातात. हे मला माहीत होतं. तरी बाटली बाटली हे शब्द मी मोठ्यानं न म्हणता ती बाटली ओढणीखाली झाकून रफिकभाईंकडे नेऊन दिली. मी देवीला नवसही बोलले, बाकीच्या वाचू देत म्हणून. देवळात मात्र गेले नाही. मूर्तीसमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं.

बाकीच्या वाचल्या. नवरात्राच्या सुरुवातीला गोळे पांढरे दिसायला लागले, मग घट्ट झाले, मग त्यांच्यावर दाणे धरले. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक गोळा ठेवला, बराच वेळ डोळा लावून बसले आणि मान वर न करताच म्हणाले, "धरलं." एवढंच. रफिकभाई पेढे घेऊन आले आणि पिल्लं झाली म्हणून सगळ्यांना वाटत फिरले. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी ज्या हातांनी ते केलं होतं ते हात पाठीमागे धरून उभी होते.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. हवा गाळणाऱ्या यंत्राला झेंडूची माळ, कुकरला हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकापुढे आपट्याची पानं. कुंदाताईंनी त्या वर्षी नव्या बाटल्यांनाही कुंकवाचं बोट लावलं आणि सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा गं, नेम पाळला की बाटल्या कशा ऱ्हातात." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर त्यांनी मला जेली शिजवायच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. फोनवर तूच म्हनली न्हवती का, अडचण हाय म्हनून? आन मी आले तर बाटल्या भरलेल्या."

मग सगळ्यांसमोर तसं का म्हणालात, मी विचारलं. मला रडू येत होतं.

"मी बी.एस्सी. हाय," कुंदाताई म्हणाल्या. "बुरशी काय पंचांग बघून येती व्हय? पन त्या बाटल्या धुनाऱ्या बाया सकाळधरनं पान्यात उभ्या असत्यात. अडचण म्हनलं की त्यास्नी बाकड्यावर टेकता येतं, कुनी काई इचारत न्हाई. तू खरं सांगशील, तर तेवढं बी जाईल."

इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणत होते आणि त्याच वेळी त्यांच्या नियमाला भीतही होते. त्या मात्र भीत नव्हत्या. ते बाकडं त्यांनी एका खोट्याच्या जोरावर बायकांसाठी मिळवून ठेवलं होतं. मी कुणाला काही सांगणार नाही म्हणाले. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि आम्ही बाहेर आलो. दिवाळीपर्यंत दाण्यांना हिरवे कोंब आले होते, आणि मामाचा बांध तोवर डांबराखाली गेला होता. स्थळं बघायचं वडिलांनी दोन वर्षं पुढे ढकललं.

त्यातली रोपं पुढे लॅबमागच्या वाफ्यात लागली. आज बऱ्याच गावांच्या बांधांवर ते गवत आहे, घोडेगावच्या बाजारात त्याच्या पेंढ्या विकायला येतात. सर निवृत्त झाले. कुंदाताई नेवाशाला मुलाकडे राहायला गेल्या. लॅब माझ्याकडे आली आणि बाकडंही आलं. कुणी अडचण म्हटलं की मी मान हलवते, पुढे काही विचारत नाही. हा माझा मोठेपणा आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. बाटल्या धुणाऱ्या बायकांसाठी त्या दिवसांची विश्रांती मला रीतसर मागून घेता आली असती. त्यासाठी कचेरीत चार टेबलांवरच्या चार पुरुषांपुढे एक शब्द उच्चारावा लागला असता. मी दर वर्षी ते पुढच्या वर्षावर टाकलं. आणि कुंदाताईंना माहीत होतं ते नंतर आलेल्या मुलींना कुणी सांगितलंच नाही. त्यांना बाकडं मिळालं, आणि बाटल्या बाटतील ही भीतीही तशीच मिळाली.

परवा त्या काकूंना किल्लीची थाप मारून लॅबला पोचले तर ऋतुजा बाकड्यावर बसलेली. ऋतुजा नेवाशाकडची, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. वाफ्यातल्या गवताला यंदा उशिरा पोटरी आली, आणि या पोटऱ्या आज कापल्या नाहीत तर तिचं वर्ष जाणार होतं. तिच्या मांडीवर ट्रे होता, ट्रेमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पोटऱ्या. रफिकभाई बाटल्या घेऊन दारात उभे होते. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे.

"मॅडम, आज अडचण हाय," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

माझी मान सवयीनं हलायला लागली होती. ती मी थांबवली. "काय अडचण आहे?" मी विचारलं.

तिनं फरशीकडे बघितलं, तड्याच्या जागी. रफिकभाई म्हणाले, कुकर बघून येतो. मी म्हटलं, थांबा रफिकभाई. मग मी ऋतुजाला म्हणाले, "पाळी आली असेल आणि पोट दुखत असेल तर घरी जा, रजेचं मी बघते. बाटल्या बाटतील म्हणून बसली असशील तर ऊठ." इतक्या वर्षांत त्या जागी तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. कान तसेच तापले, पंचविशीत तापायचे तसे.

"पोट न्हाई दुखत," ती म्हणाली. "पन मॅडम, काई झालं तर? एवढं जपलेलं गवत हाय."

मी तिला सांगितलं. हे गवत पहिल्यांदा बाटलीत गेलं त्या दिवशी माझी पाळी होती, आणि आत रांगेनं लावलेलं जे जे हिरवं ती रोज बघते, ते सगळं त्या दिवसाचं आहे. सांगताना आवाज बारीक झाला, पण सांगितलं. रफिकभाई भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी कुकर लागलेलाच हुता, मॅडम. मी उगाच भायेर जाऊन हुबा ऱ्हायलो."

ऋतुजा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "मंग एवढी वर्सं सांगितलं का न्हाई?"

"लाज वाटायची," मी म्हणाले.

"कसली?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. जेलीत कुठला क्षार घातला, असं ती विचारते, तसंच तिनं हे विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. मी उत्तर शोधलं. सरांपुढच्या लाजेचं, आईच्या महालक्ष्म्यांपुढच्या लाजेचं, कुंदाताईंच्या कुंकवापुढच्या लाजेचं. प्रत्येक लाज मला नीट आठवत होती, पण ती कसली होती ते काही सांगता येईना. पोटऱ्या ट्रेमध्ये सुकत चालल्या होत्या. ऋतुजानं ट्रे उचलला, हात धुतले, एप्रन चढवला. रफिकभाईंनी तिच्यासाठी दार धरलं.

ती आत गेली. मी बाहेर बाकड्यावर बसले.